नवीच्या गळ्यातला टाक

पुरणयंत्राची मूठ फिरवता फिरवता दीपमालाचा हात थांबला. अर्धी डाळ अजून वर जाळीत होती, अर्धं पुरण खाली परातीत पडलं होतं, जायफळ किसायचं राहिलं होतं, आणि हॉलमधून सासूची हाक आली.

“नवी, पुरण झालं का न्हाई गं?”

हाकेत राग नव्हता. शेजारच्या फ्लॅटमध्ये ऐकू गेली असती तर कुणी मान वर करून पाहिलं नसतं. पण आषाढापासून ह्या घरात तिला कुणी ‘नवी’ म्हटलं नव्हतं.

“होत आलं, आई,” ती म्हणाली आणि पुन्हा मूठ धरली.

तो दिवस अविधवा नवमीचा. पितृपंधरवड्यात ह्या एका तिथीला, नवऱ्याच्या आधी सवाष्णपणी गेलेल्या बाईची आठवण करतात. तिच्या नावानं एका सवाष्णीला जेवू घालतात, साडी देतात, ओटी भरतात. रहाटणीतल्या सुभद्राबाईंच्या घरी ती गेलेली बाई म्हणजे विजयश्री. धनेशची पहिली बायको, डेंग्यूनं गेलेली. तिचा टाक, म्हणजे नखाएवढा सोन्याचा पत्रा आणि त्यावर उठवलेली डोईवर पदर घेतलेली बाई, हा दुसरेपणावर आलेल्या दीपमालाच्या गळ्यात होता, मंगळसूत्राच्या शेजारी. आज तो उतरायचा होता. तसा शब्द खुद्द सासूनं दिला होता, आणि त्या शब्दापायी दीपमालानं आज विद्यापीठात जे व्हायचं होतं ते आपल्या हातानं घालवलं होतं.

दीपमाला मूळची चिखलीची. वडील अर्जुनराव लेथपुढं उभं राहून पाय सुजवून घेतलेले, दोन मशीनच्या वर्कशॉपचे धनी. पोरगी हुशार निघाली, भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली, तिथंच थांबली असती तर बरं झालं असतं असं सगळ्या आळीचं मत. ती पुढं पीएचडीला बसली. बायका अर्जुनरावांना विचारायच्या, “पोरगी काय शिकती म्हणायची?” ते सांगायचे, “आकाशातलं.” “मग पावसाचं सांगती का?” “नाही.” “मग लग्नाचे मुहूर्त?” “तेही नाही.” “मग काय उपयोग, भाऊ.” ताथवड्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ती तासावर शिकवायची, उरल्या वेळात अभ्यास करायची, आणि ह्या दोन्हींत तिशी कधी मागं पडली ते तिला कळलं नाही. आळीला कळलं होतं. स्थळं येईनाशी झाली, तेव्हा धनेशचं आलं. चाकणच्या एका कंपनीत तपासणी विभागात होता. गाड्यांचे सुटे भाग मोजायचे, चुकलेला बाजूला टाकायचा, बरोबर असलेल्यावर ओके मारायचं. बोलायला कमी, व्यसन नाही, मूलबाळ नाही. अर्जुनराव म्हणाले, “बाई, आता खोट काढू नको.”

लग्नाच्या दिवशी मंगळसूत्र धनेशनं घातलं. टाक सासूनं घातला.

“ही आधीची,” सुभद्राबाई कडी अडकवता अडकवता म्हणाल्या. त्या मूळच्या बीडकडच्या, आष्टी तालुक्यातल्या, आणि इतकी वर्षं इथं काढून बोली तशीच राहिलेली. “तू मागनं आलीस. नवी साडी आधी हिला लावायची, मग नेसायची. गोडाचा घास आधी हिला दाखवायचा. सवतीला मान दिला की सवत छळत न्हाई.”

ह्यात दीपमालाला वावगं वाटलं नाही. गेलेल्या माणसाला कुणीतरी घास दाखवावा, त्यानं आपलं काही उणं होत नाही. ती मनापासून करायची. सणाला पुरणाचा कण टाकाच्या बाईच्या ओठांना लावायची, मनात म्हणायची, विजयश्रीताई, तुम्ही आधी. देवापुढं बसली की निरांजनाचा उजेड त्या पत्र्यावर पडायचा, आणि दोघी एकदमच नमस्कार करताहेत असं वाटायचं. तिला त्रास झाला तो जिवंत माणसांचा.

सासूनं तिला सासरचं नाव ठेवलं नाही, होतं तेही घेतलं नाही. ‘नवी’ म्हणाली. “नवी, चहा टाक.” “नवी, तुझं ते दप्तर उचल टेबलावरनं,” म्हणजे लॅपटॉप. पाहुण्यांना सांगायची, “ही आमची नवी. विजूची सर न्हाई, पर चालतंय.” आमटीत मीठ बरोबर असलं तरी, “विजूच्या हातची आमटी असली की ल्योक ताटापुढनं उठत नव्हता.” संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दारात उभं राहून करंडा धरायचा नणंदेनं, दीपमालानं आत वाण मोजायचं. तिसऱ्या वर्षी खालच्या मजल्यावरच्या दुर्गाबाई हसत म्हणाल्या, “अहो, तीन वर्षं झाली, अजून नवीच का?” सुभद्राबाई म्हणाल्या, “चप्पल जुनी होती. सून होत न्हाई.” दुर्गाबाई हसल्या. धनेशही हसला. नंतर खोलीत आल्यावर म्हणाला, “आईचं मनावर घेऊ नको, तिची बोलायची रीतच आहे,” आणि मोबाइल उघडला.

आषाढात सुभद्राबाई बाथरूममध्ये घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पट्टी बसली, आणि घराचा कारभार एका पलंगाभोवती येऊन थांबला.

लेक सुप्रिया ताथवड्यात दिलेली. ती रविवारी यायची, सफरचंदं आणायची, पायथ्याशी बसून रडायची आणि डबा भरून घेऊन जायची. बाकी सगळं दीपमालानं केलं. बेडपॅन दिलं, उचललं, धुतलं. पाठीला जखम होऊ नये म्हणून कूस बदलवली, पावडर लावली. केसांत जट झाली होती ती खोबरेल लावून बोटांनी सोडवली. कॉलेजातले तास तिनं दुसऱ्या बाईंना देऊन टाकले. आणि एका सकाळी, बेडपॅन सरकवताना, सासूच्या तोंडून आलं, “हळू गं, दीपा.”

दीपमालानं काही दाखवलं नाही. भांडं धुताना मात्र नळ सोडून कितीतरी वेळ उभी राहिली.

मग ते रोजचंच झालं. दीपा, पाणी दे. दीपा, तू जेवलीस का? धनेश कंपनीतून आला की पलंगाजवळच खुर्ची ओढून बसायचा, आईशी बोलायचा, बायकोशीही बोलायचा. सुप्रियानं पहिल्यांदा ‘वहिनी’ म्हटलं. हॉलचे पडदे बदलायचे होते, ते कुठल्या रंगाचे हे दीपमालाला विचारलं. तिघं-चौघं एका खोलीत, एकाच ताटलीतले शेंगदाणे खात. इतकं घट्ट घर तिनं माहेरीही पाहिलं नव्हतं.

दुपारी सासूला डोळा लागत नसे. दीपमाला स्टुलावर लॅपटॉप ठेवून तिथंच काम करी.

“हे काय गं?” सुभद्राबाईंनी एकदा मान वळवून विचारलं. “नासलेल्या दुधावानी दिसायलंय.”

“हे कृष्णद्रव्य, आई. डोळ्यांना दिसत नाही, पण असतं. आपली आकाशगंगा आहे ना, तिच्याभोवती त्याचा भलामोठा गोळा आहे, प्रभामंडल म्हणतात. ताऱ्यांना तोच धरून ठेवतो. आम्ही संगणकात तसे गोळे घडू देतो आणि कसे वाढतात ते बघतो.”

“न दिसणाऱ्याला बघायलीस व्हय. आमी जन्मभर समईपुढं बसून तेच करायलोत.”

दीपमाला हसली. सासूही हसली. हसताना खुबा दुखला म्हणून कण्हली.

“मंग त्यात बघायचं काय?”

“तो आतून कसा आहे ते. म्हणजे आमच्या चिखलीचं बघा. गावठाणात बोळ एवढे अरुंद, की समोरासमोर दोन म्हशी आल्या तर एकीला मागं सरावं लागतं. कारण ती वस्ती सगळ्यात आधी बसली. मग तिच्या कडेनं वर्कशॉपं आली. त्यांच्याही बाहेर आता सोसायट्या, ऐसपैस. जे मागून आले ते बाहेर बसले, मधली दाटी मोडायला कुणी गेलं नाही. गोळ्यांचं तसंच. फार पूर्वी सगळं विश्वच दाटीवाटीचं होतं, त्या वेळी जे जमले त्यांचा गाभा घट्ट. जे उशिरा जमले ते सैल. गाभा किती घट्ट आहे ते मोजलं की गोळा कधी जमला त्याचा अंदाज येतो.”

सुभद्राबाई म्हणाल्या, “माझी खोली व्हती काळेवाडीत. पत्र्याची. मालक गेल्यावर दोन लेकरं घिऊन आले, आन स्टोव्ह मांडला. कंपनीतल्या पोरांचे डबे. एका स्टोव्हचे दोन झाले, दोनाची खानावळ झाली, खानावळीची ही जागा झाली. ह्या घराचा पयला दगूड मी हाय.” पुढं म्हणाल्या, “म्हंजे आधी आली ती मधी. मागनं आली ती कडंला.”

“साधारण तसंच.”

“आन मागनं येणारीनं धडक मारली तर? घुसती का न्हाई मधी?”

दीपमालानं लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला. तिच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण नेमकं हेच होतं.

“घुसते, आई. मोठा गोळा आत पडला की थेट मध्यातून जातो. त्या घटकेला फोटो काढला तर सगळं एकदम घट्ट दिसतं. वाटतं, फार जुनं आहे, निवांत आहे. पण तो तिथं थांबत नाही. वेगात आलेला असतो, पलीकडून बाहेर फेकला जातो. मग सगळंच ढिलं पडतं, कितीतरी काळ आत-बाहेर हेलकावत राहतं. मी स्वतः फसले होते सुरुवातीला. एकेक फोटो बघून, असे धडक बसलेले गोळे जुन्या-शांतांत धरले. मॅडमनी सगळं परत करायला लावलं. वर्ष गेलं माझं त्यात. पुढचा फोटो बघितल्याशिवाय बोलू नये, एवढं शिकले.”

“एक फोटू बघून सोयरीक करू नये म्हनत्यात ते काय खोटं हाय,” सुभद्राबाई म्हणाल्या. “बरं, आता पाठ पूस.”

श्रावण संपत आला तसा मॅडमचा, म्हणजे तिच्या मार्गदर्शक बाईंचा, फोन आला. आता रोज येऊन बसावं लागेल, आकृत्या पुन्हा करायच्या आहेत, शेवटचं सादरीकरण लावून टाकू. दीपमालानं सासूला विचारलं, महिनाभर दिवसा एखादी बाई ठेवू का? चांगली मिळते, दवाखान्यात काम केलेली.

सुभद्राबाई दुपारी जेवल्या नाहीत. संध्याकाळी देवाजवळ दिवा लावून दीपमाला पलंगाशी आली, तेव्हा त्यांनी तिचा हात धरला. दुसऱ्या हातानं तिच्या गळ्यातला टाक धरला.

“परक्या बाईचा हात नगं लावू मला, दीपा. लाज वाटती. ह्या नवमीला हा टाक उतरवू तुझ्या गळ्यातनं. देवघरात ठिवू. लई दिस वागवलास. आता तूच घरची.”

दीपमालाच्या डोळ्यांत पाणी आलं. बाई ठेवली नाही. मॅडमना सांगितलं, आकृत्या घरूनच करते. तेही निभलं. मग तारीख ठरली, आणि ती नेमकी नवमीची. बाहेरगावचे परीक्षक त्याच दिवशी येऊ शकत होते. पीएचडीच्या नोंदणीची मुदत महिनाअखेर संपत होती, दोनदा वाढवून झाली होती.

“दुसरी तारीख नाही, दीपमाला,” मॅडम म्हणाल्या. “तू आली नाहीस तर हे सगळं गेलं. समजतंय ना?”

समजत होतं. तिनं सासूला म्हटलं, “सकाळी जाऊन दुपारपर्यंत येते.”

“उतरवायचा तो तुझ्या गळ्यातनं. तू नसलीस तर काय भिंतीच्या गळ्यातनं उतरवू? येळ दुपारची. पुन्ना ती तिथी वर्सानं.” सुभद्राबाईंनी कूस वळवली. आता ती स्वतःची स्वतः वळवता येत होती. “बघ बाई. तुझं आभाळ मोठं, आमचं घर ल्हान.”

तिनं धनेशला विचारलं. धनेश म्हणाला, “तू ठरव. उद्या माझ्या नावानं बोल लावू नको.”

तिनं ठरवलं. शिकलेल्या बाईनं असं कसं ठरवलं, असं पुढं पुष्कळांनी विचारलं. तीन वर्षं दारातल्या पायपुसण्यासारखी राहिलेली बाई एकदा पाटावर बसली, की पाटाचीच होते. आकाशाचं जे व्हायचं ते होईल, पण घरात आपल्या नावानं हाक येते, नवरा शेजारी बसून जेवतो, हे सोडून कुठं जायचं? तिनं मॅडमना कळवलं, घरगुती अडचण आहे, येऊ शकत नाही. मॅडमचं उत्तर आलं, “विचार कर.” दुसऱ्या दिवशी आलं, “ठीक आहे.”

तर आता नवमी होती, पुरण अर्धं वाटून झालं होतं, आणि हॉलमधून ‘नवी’ अशी हाक आली होती.

काठीचा आवाज स्वयंपाकघराच्या दाराशी आला. सुभद्राबाई काठीवर उभ्या होत्या. कालपर्यंत वॉकर लागत होता. आज काठीवर, इस्त्रीच्या नऊवारीत, कपाळावर बुक्का लावून.

“हात चालीव की. सवाष्ण यील आता. विजूची भन यायली, प्राजक्ता.”

“आई,” दीपमाला म्हणाली, “टाक आधी उतरवायचा का जेवणानंतर? देवघरात मी चांदीची वाटी ठेवलीय.”

“कंचा टाक?”

दीपमालानं गळ्याला हात लावला.

“आगं बया. ते व्हय.” सुभद्राबाईंनी ओट्याला टेकून काठी दुसऱ्या हातात घेतली. “दुखण्यात मानूस काय बी बोलतंय.”

“तुम्ही शब्द दिला होता. मी आज गेले नाही त्यासाठी.”

“तुला कुणी बांधलं व्हतं? दार उघडं हाय.” मग आवाज खाली आणून, जवळजवळ मायेनं, त्यांनी समजावलं. “हे बघ. म्हशीपुढं आंबोण ठिवल्याबिगर ती धार काढू देती का? परकी बाई आणायली व्हतीस तू. माझं हागणं-मुतणं परक्यानं काढायचं, आन तू मोटारीत बसून आभाळ बघायला जायचं. काय म्हनावं लागतं तवा मानूस म्हनतं. सुप्रियाला सांगितलं असतं तर ती आली असती का? लेकी काय कामाच्या.”

“मग ‘दीपा’ म्हणत होता ते?”

“तेबी आंबोणच,” सुभद्राबाई म्हणाल्या. बोट परातीत घालून त्यांनी पुरण चाखलं. “गूळ कमी हाय. विजू घालायची बरोबर.”

दीपमालानं उरलेली डाळ वाटली. जायफळ किसलं. पुरणात आणखी गूळ घालून पुन्हा आटवलं, पोळ्या लाटल्या, एकही फुटली नाही. तिला रडू येत नव्हतं. तिला राहून राहून ते तिसरं प्रकरणच आठवत होतं. ज्या चुकीपायी वर्ष गेलं, ती चूक तिनं ह्या घरात पुन्हा केली होती. मध्यातून जाताना काढलेला एक फोटो बघितला आणि म्हणाली, घट्ट आहे, जुनं आहे. पुढचा फोटो आज आला होता.

प्राजक्ता बारा वाजून गेल्यावर आली. भोसरीत दिलेली, स्वतः एका कंपनीच्या पॅकिंग विभागात. ड्यूटीतून अर्धी रजा काढून आलेली, ओळखपत्राची दोरी पर्सबाहेर लोंबत होती. तिला पाटावर बसवलं. सवाष्णीचे पाय धुवायचे ते घरच्या सुनेनं. दीपमाला परात घेऊन खाली बसली, कोमट पाणी घातलं, हळद लावली आणि वाकली.

तीन वर्षं घासून झिजलेली कडी त्याच घटकेला तुटली. टाक परातीतल्या पाण्यात पडला. टप असा आवाज आला, बस एवढाच.

दीपमाला तशीच वाकलेली राहिली. क्षणभर तिला वाटलं, सासूनं नाही उतरवला, तर विजयश्रीताईच उतरल्या. हळदीच्या पाण्यात ती पदर घेतलेली बाई उताणी पडली होती.

प्राजक्तानं हात घालून टाक उचलला. पदरानं पुसला, तळहातावर घेऊन बघत राहिली.

“ही ताई का? नाकसुद्धा नीट काढलं नाही सोनारानं.” मग सुभद्राबाईंकडं बघून म्हणाली, “मावशी, हा मला द्या. आईच्या देवघरात ठेवते. आई रोज फोटोपुढं रडते. ह्या वहिनींचाही गळा मोकळा होईल.”

दीपमालानं डोळे मिटले. मनातल्या मनात तिनं सगळे देव पाण्यात घातले.

“दिलेली लेक आन घडीवलेला टाक माघारी मागत नसत्यात,” सुभद्राबाई म्हणाल्या. “आमची विजू हाय ती. आमच्यातच ऱ्हाईल.”

“तुमची विजू,” प्राजक्ता हसली, पण ते हसणं ओठांपुरतं होतं. “मावशी, ताई होती तेव्हा मी इथं यायचे. एकही दिवस तिला नावानं मारलेली हाक ऐकली नाही. ‘नवी, भांडी घास.’ ‘नवी, लवकर ऊठ.’ तापानं फणफणली होती तेव्हा तुम्ही मला फोनवर सांगितलं, नवी सोंग करती. ‘विजू’ ती मेल्यावर झाली.”

हॉलमध्ये पंखा फिरत होता. धनेश सोफ्यावर बसून वर्तमानपत्राची घडी घालत होता. ती घालून झाली, तेव्हा त्यानं उलगडून पुन्हा घातली.

दीपमालानं मान वर करून सासूकडं बघितलं. इतकी वर्षं तिला वाटत होतं, ह्या घराच्या मध्यावर एक मेलेली बाई बसली आहे आणि आपण तिच्याभोवती कडेनं फिरतो आहोत. त्या मेलेल्या बाईलाही मध्य कधी मिळाला नव्हता. मध्यावर पहिल्यापासून एकच माणूस होतं, पत्र्याच्या खोलीत स्टोव्ह मांडून बसलेलं, आणि ते काठी टेकून समोर उभं होतं.

सुभद्राबाईंना राग आला नाही. “तुझ्या बापानं हाळद लावून दिली ती सून म्हून दिली, नाव घेऊन मिरवायला न्हाई,” त्या म्हणाल्या. “जेव आता. गेल्याच्या नावाचं ताट हाय, थंड करू नये.” मग देवघरातून त्यांनी पूजेचा लाल दोरा आणला, टाकाच्या उरलेल्या भोकातून ओवला, आणि दीपमालाला म्हणाल्या, “वळ.”

दीपमाला वळली. दोरा तिच्या गळ्यात आला, मानेवर गाठ बसली, वर आणखी एक गाठ बसली. मंगळसूत्राच्या वर, कंठाला लागून. गिळलं की टाक हलत होता.

“धनेश, बघ रं, बसलाय का.”

धनेश उठला. बायकोच्या मागं उभं राहून त्यानं दोऱ्यात बोट घातलं, कंपनीत नळीचा जोड ओढून बघतात तसं एकदा ओढून बघितलं.

“ओके आहे,” तो म्हणाला.

प्राजक्ता जेवली. दीपमालानं तिला आग्रह करून दुसरी पोळी वाढली, वर तुपाची धार सोडली. साडी दिली, ओटी भरली. निघताना प्राजक्तानं तिच्या दंडाला हात लावला, काहीतरी बोलणार होती, पण सुभद्राबाई दारापर्यंत पोचवायला आल्या होत्या. “येते, वहिनी,” एवढंच म्हणून ती जिना उतरली.

मागचं आवरताना मोबाइल वाजला. मॅडमचा संदेश होता. “परीक्षक परत निघाले. मला काही करता आलं नाही.” दीपमालानं तो वाचला, फोन पालथा ठेवला, आणि पुरणाचा कण घेऊन रीतीप्रमाणं टाकाच्या बाईच्या ओठांना लावला. ह्या वेळी मनात ‘तुम्ही आधी’ असं म्हणाली नाही. आपण दोघी, असं म्हणाली. मग स्वतः जेवायला बसली. पोळी थंड झाली होती आणि गूळ आता जास्त झाला होता.

“नवी,” आतून सुभद्राबाईंचा आवाज आला. पलंगावर आडव्या होऊन त्या सुप्रियाशी फोनवर बोलत होत्या, मधेच फोन बाजूला धरून म्हणाल्या, “दोऱ्याचा काय भरोसा न्हाई. उनं उतरली की सोनाराकडं जाऊन ये. त्याला म्हनावं, एक कडी नगं. दोन बसीव, जाड.”

“बरं, आई.”

तिनं तवा घासला, पुरणयंत्राच्या जाळीत अडकलेली डाळ काडीनं काढली, ओटा पुसला. ऊन उतरल्यावर पदर मानेवरून ओढून घेतला, म्हणजे दोरा दिसू नये, आणि पायात चपला सरकवल्या. काळेवाडीच्या सोनाराकडं जाऊन टाकाला दुहेरी कडी बसवून आणायची होती.